गणपती सोडून

रत्नागिरीत भाड्याच्या घरांचा तुटवडा आहे, ही अफवा आहे. घरं भरपूर आहेत, फक्त त्यांना कुलपं आहेत. संध्याकाळी शिवाजीनगर किंवा नाचण्याच्या बाजूला चक्कर मारा. पाचमजली इमारतीत चार खिडक्या उजळलेल्या आणि बाकी सगळा काळोख. मालक बोरिवलीला नाहीतर डोंबिवलीला. भाड्याने का देत नाही म्हणून फोनवर विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "मे महिन्यात यावं लागतं हो, आणि गणपतीत." उरलेलं वर्षभर तिथे पाली राहतात, बिनकराराच्या आणि बिनडिपॉझिटच्या.

खरं दुखणं वेगळंच आहे. 1948 सालच्या कूळकायद्याने इथल्या कित्येक आजोबांच्या हातून जमिनी गेल्या, आणि तो धसका नातवांपर्यंत उतरला आहे. "उद्या कूळ लागलं तर?" एका मालकांनी मला विचारलं. तो कायदा शेतजमिनीचा, हे त्यांना पटेना. शेवटी म्हटलं, "काका, तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये मी काय नाचणी लावणार?" काकांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. लावलीही असती, असा एकूण भाव होता.

समुद्र दिसणारी घरं आपल्यासाठी नसतात. ती शनिवार-रविवारी येणाऱ्या पुणेकरांसाठी, आणि तीही दिवसाच्या भावाने. आपल्या वाट्याला फक्त खारा वारा, जो ग्रिल, स्कूटर आणि इस्त्री एकाच पावसाळ्यात गंजवून दाखवतो. मधल्या माणसाचं काम इथे झेरॉक्सवाला करतो. तो आधी आडनाव विचारतो. ते एकदा कळलं, की मासे खाता का हे विचारायचा अवघडलेपणा वाचतो. माझं आडनाव ऐकून त्याने काही पत्ते सांगितलेच नाहीत.

थिबा राजाची आठवण अशा वेळी हटकून येते. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि त्याचा राजवाडा झाला 1910 मध्ये. चोवीस वर्षं! तीही राजा असून, आणि सोय बघायला खुद्द सरकार असून. आम्हाला तर झेरॉक्सवाला.

अखेर खालच्या आळीत जांभ्या दगडाचं एक कौलारू घर दिसलं. भाडं परवडणारं होतं, म्हणून मला संशय आला.

"काकू, कौलं गळतात का?"

"मे महिन्यात एक थेंब येत नाही."

"पाणी?"

"विहीर आहे की! एप्रिलनंतर जरा समजुतीने घ्यायचं."

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात पाण्याची समजूत काढावी लागते, हे ऐकून मी गप्प बसलो. अंगणात हापूसचं कलम होतं.

"झाडावरचा आंबा आमचा," काकूंनी न विचारताच खुलासा केला.

"आणि पडलेला?"

"तोही आमचाच. तुम्ही फक्त उचलून फळीवर ठेवायचा. आढी आम्ही लावू."

करार अकरा महिन्यांचा झाला. लोकांना वाटतं अकरा महिन्यांत नोंदणी चुकते. ती चुकत नाही, 1999च्या भाडेनियंत्रण कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. पण अकरा या आकड्यावर सर्वांची श्रद्धा. काकूंनी वकिलांना एकच ओळ वाढवायला लावली: गणपतीत माजघर मुंबईकरांचं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईकर उतरले. माजघर भरलं, मग माझी खोलीही भरली, आणि मी पडवीत आलो. दुर्वा निवडायचं काम माझ्याकडे आलं. आरतीला झांजा दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर काकूंचे एक चुलतदीर माझ्याशेजारी येऊन बसले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तू अण्णांच्या धाकट्याचा ना? बाकी सगळ्यांच्या झाल्या. वाटणीपत्रावर तुझीच सही राहिल्ये."

खिशातून पेनही त्यांनीच काढून दिलं.