आय बेग टू से

बऱ्हाणपुरात इंग्रजीचा पहिला तास १६१५ सालच्या नोव्हेंबरात लागला आणि विद्यार्थी गैरहजर राहिला. इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला, जहांगीर बादशहाकडे निघाला होता. वाटेत आमचं गाव. इथे तेव्हा शहजादा परवेझचा मुक्काम. रोसाहेबाने दरबारात नजराणा दिला, त्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शहजादा खूश झाला, ‘मग आत निवांत बोलू’ म्हणाला, आणि आत जाऊन त्याने आधी पेटीच उघडली. बोलणं राहिलं ते राहिलंच. रोने हे सगळं रोजनिशीत टिपून ठेवलंय. शहजाद्याने गैरहजेरीचा अर्ज दिल्याचं मात्र कुठे आढळत नाही. दिला असता तर त्यात काय असतं हे, साडेतीनशे वर्षांनंतर त्याच गावात इंग्रजी शिकलेला माणूस म्हणून, मी छातीठोकपणे सांगतो: ‘आय बेग टू से दॅट आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर.’

आमच्या अख्ख्या वर्गाला दुसरं काही व्हायचंच नाही. रावेरला मावशीचं लग्न, फीव्हर. मामाकडे बारसं, फीव्हर. केळीला पाणी भरायला शेतावर राहावं लागलं, तरी फीव्हर. एक पोरगा शाळेच्या भिंतीवरून पडला. चार दिवसांनी उजवा हात प्लास्टरमध्ये घालून आला आणि डाव्या हाताने लिहिलेला अर्ज इंग्रजीच्या मास्तरांपुढे, म्हणजे मास्साबांपुढे ठेवला. त्यातही फीव्हरच. मास्साबांनी एकदा प्लास्टरकडे पाहिलं, एकदा अर्जाकडे, आणि सही ठोकली. स्पेलिंग बरोबर होतं ना! कुंजीत, म्हणजे आमच्या गाइडात, अर्जाचा नमुना एकच, आणि त्यातला आजारही एकच. हाताला, पायाला, पोटाला इंग्रजीत काही होण्याची सोय त्या प्रकाशकाने ठेवलीच नव्हती.

आमची शाळा हिंदी माध्यमाची. मध्य प्रदेशात सहावी ते आठवीला माध्यमिक म्हणतात आणि आमच्याकडे इंग्रजी त्या सहावीत भेटायचं. रावेरच्या आतेभावाला ते पाचवीतच भेटलेलं. रावेर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण मध्ये राज्याची हद्द. त्यामुळे तो दिवाळीला आला की एका इयत्तेची ऐट घेऊनच रेल्वेतून उतरायचा. बाबांनी एकदा दोघांनाही एकच उतारा वाचायला दिला. त्याच्या आणि माझ्या वाचनात फरक एवढाच निघाला की वर्षभर जास्त शिकल्यामुळे त्याचा आवाज मोठा होता.

वाचनाची आमची पद्धत शास्त्रशुद्ध होती. इंग्रजी ओळीखाली पेन्सिलीने आपापल्या लिपीत उच्चार लिहून ठेवायचा आणि मग नजर फक्त खालच्या ओळीवर. हिंदीवाल्यांच्या पुस्तकात मांजर ‘कैट’ असे, आम्हा मराठी घरांतल्या पोरांच्या पुस्तकात अर्धचंद्र लावून ‘कॅट’. माझ्या बाकावरच्या मित्राचं घर उर्दूचं. त्याची पेन्सिल उजवीकडून निघायची, इंग्रजी डावीकडून यायचं आणि दोघांची गाठ ओळीच्या मध्यावर पडायची. मागे एक गुजराती बोलणारा बोहरी मित्र होता. तो काहीच लिहायचा नाही, आमचं ऐकून वाचायचा. वर्गात सगळ्यांत अस्खलित तोच.

या गावाला हे नवं नाही म्हणा. आमच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबी शिलालेखाच्या जोडीला संस्कृत शिलालेखही कोरून घेतलाय. हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे आम्ही घोकायचो तो रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान, इथेच कारभार बघत होता. त्याने बाबरनामा तुर्कीतून फारसीत आणला. घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात उर्दू आणि निमाडी, शेजारी गुजराती अशा गावच्या पोरांना आणखी एक भाषा म्हणजे काय मोठंसं? पण बाकीच्या भाषा आम्ही बोललो, भांडलो, उधारी मागितली, शिव्या दिल्या. इंग्रजीत आम्ही फक्त आजारी पडलो.

सामुदायिक वाचन हा सोहळाच असे. मास्साब एक ओळ म्हणायचे, आम्ही ती परत. शाळेच्या मागच्या गल्लीत पॉवरलूम. त्यांची खटखट दिवसभर चालू, त्यामुळे वाचन आपोआप तिच्या ठेक्यावर जायचं: द-सन-खट-राइ-झेस-खट. लाइट गेली की लूम बंद पडायचे आणि वर्गाचं वाचनही अडखळायचं. स्पेलिंगचा खाक्या वेगळा. ‘नॉलेज’ पाठ करताना ‘क्नो-व-लेड-गे’, ‘वेन्सडे’ला ‘वेड-नेस-डे’. लिहिताना एक उच्चार, वाचताना दुसरा, आणि अर्थ विचारलाच तर ‘मास्साब, वो कल बताया नहीं था.’

खरं इंग्रजी वाचन आम्हाला मावा जलेबीने शिकवलं. बऱ्हाणपूरची मावा जलेबी ज्याने खाल्ली नाही त्याला ती समजावून सांगण्यात अर्थ नाही. काळपट, जाड, तुपाने निथळणारी, एकीतच जेवण होतं. ती मिळायची रद्दी कागदावर, आणि इंग्रजी पेपरची पानं जास्त म्हणून रद्दीही बहुधा इंग्रजी. वर्तमानपत्राच्या कागदाची देशातली पहिली गिरणी आमच्या शेजारी नेपानगरला. १९५६ साली नेहरू स्वतः येऊन गेले होते. म्हणजे कागद आमच्या शेजारून निघायचा, जगभरच्या बातम्या अंगावर घेऊन हिंडायचा आणि जलेबीखाली परत यायचा. तूप लागलं की तो पारदर्शक व्हायचा आणि मागच्या पानावरची अक्षरंही पुढे दिसायला लागायची. एका नजरेत दोन उतारे. अशाच एका तुकड्यावर ‘गावसकर वॉज’ एवढंच होतं. पुढे कागद फाटलेला. गावसकर काय वॉज? आउट वॉज की नॉट आउट वॉज? आम्ही चौघांनी तो तुकडा उजेडाला धरला, उलटा केला, परत दुकानात जाऊन उरलेला अर्धा मागितला. दुकानदाराने तो कुणा दुसऱ्याच्या जलेबीखाली दिला होता. सहावी ते आठवी मिळून जेवढी इंग्रजी वाक्यं आम्ही वाचली त्यांत पुढे काय झालं हे जाणून घ्यावंसं वाटलेलं हे एकच.

लेखनाकडे वळू. ‘अ हिस्टॉरिकल प्लेस’ हा निबंध दरवर्षी पक्का. कुंजीत ताजमहाल, म्हणून सगळ्या वर्गाचा ताजमहाल. तो संगमरवरी आहे, यमुनेच्या काठी आहे, चांदण्यात फार सुंदर दिसतो. आमच्यातल्या एकानेही आग्रा पाहिलं नव्हतं. खंडव्याच्या पुढे गेलेलेही थोडेच. आणि ज्या बाईसाठी तो बांधला ती मुमताज वारली कुठे? आमच्या गावात! १६३१ च्या जूनमध्ये, चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी पुरलं तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहूखान्यात. सहाएक महिन्यांनी तिथून आग्र्याला नेलं. आमची निम्मी पोरं उन्हाळ्यात त्याच तापीत डुंबायची. शाही किल्ल्याच्या भिंतीखाली कपडे काढून ठेवायची, पलीकडच्या काठाला हात लावून यायची आणि सोमवारी शाळेत येऊन लिहायची, ‘इट इज सिच्युएटेड ऑन द बँक ऑफ द रिव्हर यमुना.’ एकाने तापी लिहिली तर मास्साबांनी ती खोडून यमुना केली. त्यांचं तरी काय चुकलं? ताजमहाल खरोखरच यमुनेकाठी आहे.

‘माय फादर’ याहून कडक. कुंजीतले वडील सरकारी नोकर. सकाळी दहाला ऑफिसला जातात, संध्याकाळी पाचला येतात, फावल्या वेळात वर्तमानपत्र वाचतात. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप लूमवर, उरलेल्यांचे शेतावर, दुकानावर, हमालीवर. इंग्रजीच्या तासाला मात्र सगळे दहाला ऑफिसात. अशी ऑफिसं तेव्हा गावात असती तर बऱ्हाणपूर राजधानीच झालं असतं.

एक पोरगा मात्र कुंजीविना होता, पैसे नव्हते. त्याने स्वतःच्या डोक्याने लिहिलं. मला ते आजही पाठ आहे, कारण मास्साबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं: ‘माय फादर नाइट लूम रन. मॉर्निंग फादर स्लीप. वी नो टॉक. मदर से श्श.’ वर्ग खो खो हसला. मास्साबही हसले. मग त्यांनी विचारलं, ‘ये कौन-सी कुंजी में है?’

पोरगा म्हणाला, ‘घर में है, मास्साब.’

मास्साबांनी लाल पेनाने क्रियापदांना गोल केले, म्हणजे जवळपास सगळ्याच शब्दांना. दहापैकी चार दिले. आम्हा ऑफिसवाल्या बापांच्या लेकरांना आठ-आठ. पण तास संपेपर्यंत त्यांनी ती वही पुन्हा दोनदा उघडलेली मी पाहिली. आमच्या वह्या त्यांनी उघडल्या नाहीत. कशाला उघडतील, सगळ्यांत एकच तर बाप होता.

आता माझी पुतणी सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. तिच्या पेपरात वाचनाचा भाग वेगळा, लेखनाचा वेगळा, आणि प्रगतिपुस्तकात दोन्हींपुढे ‘स्किल’ हा शब्द. मला वाटलं, चला, पोरगी सुटली. मग तिने मला अपठित उतारा सोडवून दाखवला. पेंग्विनवरचा होता. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, तो सापडेल ते वाक्य पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत उतरवायचं, पाचपैकी पाच. ‘पेंग्विन राहतो कुठे गं?’ म्हटलं तर म्हणाली, ‘काका, दुसऱ्या परिच्छेदात.’

लेखनात संपादकांना पत्र होतं, विषय वस्तीतली पाणीटंचाई. पत्ता ‘एबीसी कॉलनी’, खाली सही ‘एक्सवायझेड’. खरं नाव लिहिलं तर मार्क जातात. आम्हाला निदान ताप तरी स्वतःच्या नावाने यायचा! गंमत म्हणजे ही पोरगी त्याच आठवड्यात शाळेच्या सहलीबरोबर कुंडी भंडाऱ्यात उतरून आली होती. मोगलांच्या काळात सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारातून गावापर्यंत आणलं, वर रांगेने कुंड्या ठेवल्या, ते पाणी अजून वाहतंय. खाली किती गार होतं, भिंतींवर पांढरा थर कसा चढलाय, लिफ्ट हलली तेव्हा कोण रडलं, हे तिने मला अर्धा तास मराठीत सांगितलं, मध्ये चार हिंदी आणि दहा इंग्रजी शब्द टाकून. ‘हे लिही ना पत्रात,’ मी म्हटलं. ती माझ्याकडे दयेने बघत म्हणाली, ‘काका, फॉरमॅटमध्ये बसत नाही.’

गावोगावच्या मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीचा २०२२ चा अहवाल सांगतो की ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी ४६.७ टक्क्यांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता येतात. आकडा वाचून पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. मला उलट धाक वाटला, कारण ही पाहणीवाली मंडळी वाचून झाल्यावर मुलाला वाक्याचा अर्थही विचारतात. आमच्या वेळी हा दुसरा प्रश्न कुणी काढलाच नाही, म्हणून तर आमचा निकाल इतका चांगला लागला.

तेव्हा पेपर काढणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे: ताजमहालावरचा निबंध आग्र्याच्या मुलांना द्या. आमच्या पोरांना आहूखान्यावर लिहू द्या, लूमवर लिहू द्या, जलेबीवर लिहू द्या. क्रियापदं दोन्हीकडे चुकणारच आहेत. आणि अर्जात ताप सोडून निदान आणखी एक आजार छापा.