कन्सोलकाका

गूगल सर्च कन्सोल हे वेबसाइटच्या मालकासाठी असलेले फुकटचे साधन आहे. आपली कोणती पाने गूगलने नोंदवली, कोणती वगळली, लोक काय शोधत आपल्यापर्यंत पोचले, हे त्यात दिसते. २००५ मध्ये ते गूगल साइटमॅप्स या नावाने सुरू झाले, मग वेबमास्टर टूल्स झाले आणि २०१५ पासून त्याला आजचे नाव आहे. ज्या घराण्याचा कुलवृत्तांत वेबसाइटवर चढतो, त्या घराण्यात हे साधन लावणारा एक काका असतोच. तो सांगून ओळखावा लागत नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली जात असताना शेजारच्याला जो म्हणतो, "जरा मोबाइल देता का? दोनच मिनिटं," तो हाच.

कन्सोलला आधी मालकी पटवून द्यावी लागते. नोंद संपूर्ण डोमेनची करता येते किंवा एका विशिष्ट पत्त्याची. डोमेन नोंदवले की एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले आणि नसलेले, सगळे एकत्र मोजले जाते. त्यासाठी डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकावे लागते, आणि तिथला पासवर्ड डोमेन विकत घेणाऱ्या हिंजवडीतल्या पुतण्याकडे असतो. पुतण्या मीटिंगमध्ये असतो. मग काका दुसरा मार्ग धरतात, पत्ता जुना एचटीटीपीवाला देतात, आणि साइट एचटीटीपीएसवर चालत असल्यामुळे आलेखाची रेघ तळाला चिकटून राहते. यात गूगलचा मराठी माणसावर राग आहे, असे काकांचे काही दिवस मत असते.

शेवटी पुतण्या सापडतो. काकांनी त्या रेकॉर्डमध्ये टाकायचे लांबलचक टोकन एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर बॉलपेनने उतरवून घेतलेले असते, आणि ते फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवतात. मध्येच एक आकडा येतो. तो शून्य की इंग्रजी ओ, यावर काका-पुतण्यांचे वाजते. व्हॉट्सॲपवर पाठवायला काय हरकत होती, हा प्रश्न विचारायचा नसतो. रेकॉर्ड पडल्यावर ते कन्सोलला दिसायला कधी काही मिनिटे लागतात, कधी एकदोन दिवस. तेवढ्यात काका 'व्हेरिफाय'चे बटण किती वेळा दाबतात, ते फक्त काकूंना माहीत.

साइटमॅपचे काम सोपे. पानांच्या पत्त्यांची ही यादी कन्सोलमध्ये एकदा द्यायची. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात. घराण्याचा आजवरचा वेग पाहता ही मर्यादा गाठायला आणखी काही शतके लागतील. मात्र यादी दिली म्हणजे पाने शोधात आली, असे नाही. पान सापडणे, वाचले जाणे आणि इंडेक्समध्ये जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकेका पानासाठी 'इंडेक्स करा' अशी विनंती करता येते, पण तिला रोजची मर्यादा आहे. तेच पान पुन्हापुन्हा पाठवल्याने काम लवकर होत नाही, हे गूगलने लिहून ठेवले आहे. काका रोज सकाळी चहाच्या आधी मूळपुरुषाचे पान पाठवतात.

इथून मोबाइल मागण्याचा खरा हंगाम सुरू होतो. स्वतःच्या फोनवर साइट वर दिसणारच, त्याला अर्थ नाही, हे काकांना कुठूनतरी कळलेले असते, आणि ते बरेचसे खरेही आहे. म्हणून परक्याचा फोन हवा, त्यात इनकॉग्निटो हवे. निकाल गावागणिक बदलतो हेही त्यांनी वाचलेले असते. त्यामुळे लग्नात मिरजेचे व्याही, जळगावची मावससासू आणि नागपूरचे साडू असे तिन्ही फोन ओळीने तपासले जातात. तिन्ही फोन त्या वेळी ठाण्याच्या एकाच हॉलमध्ये असल्याने तिन्हींवर ठाण्याचाच निकाल येतो. हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, कारण सांगणाऱ्याचा फोन आणखी वेळ अडकतो. मुंजीत, बारशाला, दवाखान्याच्या रांगेत हेच. एका तेराव्याला भटजींनी फोन आधीच पिशवीत टाकला होता.

या उद्योगाचा हिशेब कन्सोल चोख ठेवते. परफॉर्मन्सच्या अहवालात इम्प्रेशन, क्लिक, क्लिकचे प्रमाण आणि सरासरी क्रमांक असे चार आकडे असतात. काका दुसऱ्याच्या फोनवर शोधतात, नाव दिसले की समाधानाने फोन परत देतात, क्लिक करत नाहीत. म्हणजे इम्प्रेशन वाढते, क्लिक वाढत नाही, प्रमाण घसरते. लग्नसराईनंतर घसरण स्पष्ट दिसते आणि काका चिंतेत पडतात. अहवालात देश कळतो, गाव कळत नाही, आणि फार कमी लोकांनी विचारलेले शब्द गोपनीयतेसाठी लपवलेले असतात. तरी अमेरिकेतून एक क्लिक आला की तो न्यू जर्सीच्या भाचीचा, हे काका छातीठोकपणे सांगतात. तिला फोन करून खात्रीही करतात, तिथे रात्रीचे दोन वाजलेले असताना.

पाने एकदाची इंडेक्समध्ये गेली की पहिली तक्रार घरातून येते. एका वहिनींचे जन्मवर्ष शोधात दिसू लागले आणि भिशीत चर्चा झाली. कन्सोलमधल्या 'रिमूव्हल्स'ने पान शोधातून साधारण सहा महिने झाकता येते. कायमचे काढायचे तर पानावर नोइंडेक्स लावावा लागतो किंवा पानच काढून टाकावे लागते. काकांनी पहिला उपाय केला, आणि मुदत संपल्यावर वहिनींना पुन्हा कळले.

'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' हा शेरा म्हणजे गूगलने पान वाचले आणि तूर्त ठेवून घेतले नाही. त्यामागे कारणे अनेक असू शकतात. पानावर मजकूरच नसणे हे त्यातले एक. कुलवृत्तांतात अशी पाने पुष्कळ. गेल्या शतकात छापलेल्या पोथ्यांत कित्येक नावांपुढे 'निर्वंश' एवढाच शब्द आहे, मुलींच्या नावापुढे फक्त सासरचे गाव, आणि काही मुलींचे तर नावही नाही. काकांनी शेरा पडलेल्या पानांची यादी उतरवून घेतली आणि नव्वदीच्या आत्यांना, माहेर तुटलेल्या चुलत-चुलत बहिणींना फोन लावले. त्यात गूगलला खूश करण्यापलीकडे त्यांचा काही हेतू नव्हता, हे नमूद केले पाहिजे. तरी आठव्या वर्षी प्लेगने गेलेल्या एका मुलीच्या पानावर आता सहा ओळी आहेत: तिला सागरगोटे चांगले येत, विहिरीची भीती वाटे, आणि तिचे परकर धाकट्या बहिणीने पुढे दोन वर्षे वापरले. पान इंडेक्समध्ये गेले. त्याला वर्षभरात क्लिक शून्य. काकांनी ते पान कोणाच्याही मोबाइलवर शोधून पाहिलेले नाही.

राहिले बिंग. त्याच्या वेबमास्टर टूल्समध्ये कन्सोलवरची नोंद थेट आयात करता येते, वेगळे टोकन लागत नाही. कन्सोल मागचे सोळा महिनेच दाखवते, तेव्हा जुने आकडे वेळच्या वेळी उतरवून ठेवावेत. टीएक्सटी रेकॉर्ड कोणी पुसले तर काही काळाने मालकीही जाते; म्हणून पडताळणी केलेले मालक निदान दोन असावेत. काकांनी दुसरी मालक म्हणून न्यू जर्सीची भाची नेमली आहे. पुतण्याला मर्यादित युजर ठेवले आहे. मीटिंगमधून बाहेर आला की बढतीचा विचार होईल.