वाटी कुणाची?
डाळजच्या शिवारातला ऊस कारखान्याच्या काट्यावर टनांनी मोजला जातो आणि तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी शेतकऱ्याने सबुरी राखायची असते. घरात मात्र दोन माणसांच्या भाताला हल्ली ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा लागतो. वाटीभर तांदूळ म्हणजे किती ग्रॅम, याचं उत्तर पाककृतीत छापलेलं असतंच, पण वाटी कुणाची? अमेरिकी कप २४० मिलीचा, राइस कुकरसोबतचा १८० चा. एकात साधारण १९० ग्रॅम तांदूळ बसतो, दुसऱ्यात दीडशे.

खरेदीला वजनच हवं, हे मान्य. पायली-शेर गावागणिक बदलत, शिगेचं माप वेगळं, सपाट वेगळं. म्हणून तर १९५८ पासून मेट्रिक वजनं आली आणि रेशनचा तांदूळही किलोनेच मिळतो. शिजवणं मात्र प्रमाणाचं काम: ज्या वाटीने तांदूळ, त्याच वाटीने दुप्पट पाणी. वाटी केवढी, याची भाताला पर्वा नसते. मग पंगतीचं काय, असं कुणी विचारेल. पन्नास किलोच्या भाताला आचारी काटा मागतो, रास्तच आहे. पण पाणी तोही तांदूळ नवा की जुना हे दाणा चावून पाहूनच ओततो. नवा इंद्रायणी कमी पाणी पितो, जुना कोलम जास्त, आणि काट्यावर दोघेही किलोला किलोच भरतात.