भरताचा कोड

जळगावकडच्या भरीत पार्टीत पाहुण्याने पाटावर बसून खायचं असतं. मी मात्र पऱ्हाटीवर भाजलेली वांगी बडगीत पडताच साडूंच्या हातून मुसळ घेतलं. "सरका, तुम्हा बँकवाल्यांचं काम नाही हे!" मी स्वतः शाळेत व्याकरण शिकवतो, पण मेहुण्या बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एसटीत पारोळ्यापुढे छातीत कळ आली आणि पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध जाऊन बसली. "काय व्हयनं भो?" म्हणत शेजारच्या बाबांनी खिडकीची जागा दिली. एसटीत एवढा मान मरणाऱ्यालाच मिळतो, म्हणून मी आणखी घाबरलो.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "काही जड काम केलं का?" सोबत आलेल्या साडूंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. वांग्याने आडवं केलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? "छे! उगाच बसल्या-बसल्या आलं."

बसल्या-बसल्या छातीत दुखणाऱ्याला कोण घरी सोडेल? रात्रभर मुक्काम, ईसीजी, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणी. काही तासांनी तीच पुन्हा. सगळं स्वच्छ. कार्डावर निदान एवढंच : 'छातीत दुखणे'. विमा कंपनीने कळवलं, नुसत्या तपासणीसाठी दाखल झालात, पैसे मिळणार नाहीत.

भाचा पुण्यात मेडिकल कोडिंग करतो. अमेरिकेतल्या रुग्णांची दुखणी आकड्यांत बसवतो. कार्ड बघून म्हणाला, "मामा, हे आर ०७.९. कारण न कळलेलं छातीचं दुखणं. पाठीच्या मधल्या मणक्यांचं एम ५४.६, पण पाठ कार्डावर कुठेच नाही. डॉक्टरांनी लिहिलं नाही ते आम्ही मनाने लावत नाही. नुसता संशय असेल, तर ओपीडीच्या कागदावर तो आजार म्हणून धरत नाही, लक्षणच लिहितो."

"आणि स्नायू दुखावला असं लिहिलं असतं तर?"

"मग छातीच्या दुखण्याला वेगळा कोडच नाही. कारण सापडलं की लक्षण त्यात जिरतं. अमेरिकेच्या यादीत तर दुखापतीच्या वेळी माणूस काय करत होता, त्यालाही कोड असतो. स्वयंपाकाचा वाय ९३.जी३." त्याने लॅपटॉप पुढे ओढला. "शिवाय ते काम मोबदला घेऊन केलं की फुकट, तेही नोंदवतात. काय लिहू?"

आतून हिचा आवाज आला, "अर्धं भरीत बडगीबाहेर सांडलं होतं. त्याचा कोड विचारा आधी."