1600 वॅटची झाडलोट

हुडकेश्वरात धूळ पडत नाही, ती पुरवली जाते. इथली जमीन मुळात काळी कसदार. शेतं होती तोवर ही माती शेतात गुमान बसायची. शेतांचे लेआउट झाले, लेआउटचे प्लॉट झाले, आणि मातीला उठून फिरायची सवय लागली. मग रस्ता आला. आधी मुरूम, मुरमावर गिट्टी, गिट्टीवर चुरी, वर डांबर. डांबर जरा घट्ट होतंय म्हणेपर्यंत कोणाला तरी गडर लाइन आठवते. ती गाडली की केबलवाले येतात, केबलवाले गेले की गट्टू बसवणारे. दहा-बारा वर्षांपूर्वी गाव नागपूर महापालिकेच्या हद्दीत गेलं. धुळीने हद्द तेव्हाच ओलांडली होती.

मानेवाड्याकडून पिपळ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला बांधकामं, त्यांच्यासमोर रेतीचे ढीग, आणि मधूनमधून खाली प्लॉट, ज्यात अख्ख्या गल्लीचा केर सुखाने नांदतो. केंद्र सरकारने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम काढला, त्यातल्या शहरांच्या यादीत नागपूर आहे. देशाच्या पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नीरी तर 1958 पासून नागपुरातच आहे. थोडक्यात, आमच्या धुळीला विद्वानांचा शेजार आहे. पण हा सगळा अभ्यास घराबाहेरच्या हवेचा. फाटकाच्या आत आलेली धूळ ज्याची त्याने बघायची. म्हणून आमच्या घरात ठरलं की व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा. तोही साधासुधा नाही, चाकांवरचा डबा, त्याला लांब नळी, नळीला तोंड, असा मागे मागे ओढत न्यायचा.

इथे एक तांत्रिक अडचण सांगून ठेवतो. घरात हवा ओढणारं यंत्र आधीच आहे. त्याला कूलर म्हणतात. होळी झाली की तो खिडकीत बसतो आणि पावसाळ्यापर्यंत रात्रंदिवस समोरचा लेआउट आत ओढतो. ओल्या खसाला जेवढी माती चिकटते तेवढी चिकटते, उरलेली थंड होऊन दिवाणखान्यात येते. कूलर लावला की दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर घरात दमट कोंडमारा होतो. म्हणजे एका यंत्राने धूळ आणायची, दुसऱ्याने ती न्यायची, आणि विजेचं बिल दोन्हीकडून भरायचं. रोजगारनिर्मिती म्हणतात ती हीच असावी, फक्त माणसं वगळून.

दुकानात गेल्यावर पोराने पहिला प्रश्न विचारला, "काका, किती वॅटचा पाह्यजे?" आम्ही म्हटलं, झाडणारा पाहिजे. त्याने आमच्याकडे दयेने पाहिलं. "हा 1600 चा हाय, हा 2000 चा. 2000 चाच घ्या, दमदार येते." खोक्यावर वॅटचा आकडा बोटभर जाडीचा, यंत्र प्रत्यक्षात किती जोराने ओढतं तो आकडा मुंगीच्या अक्षरात, काही खोक्यांवर तोही नाही. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं, एवढंच. जावई पंगतीत किती पुरणपोळ्या उठवतो यावरून त्याची कर्तबगारी ठरवावी, तसला हा हिशेब. युरोपियन महासंघाने हे फार पूर्वी ओळखलं. सप्टेंबर 2014 पासून तिथे 1600 वॅटच्या वरचे व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणायला बंदी आली आणि सप्टेंबर 2017 पासून मर्यादा 900 वर आली. कंपन्यांनी मुकाट्याने मोटार आणि नळीची रचना सुधारली, आणि गालिचे पूर्वीसारखेच साफ होत राहिले. हे आम्ही पोराला सांगितलं. तो म्हणाला, "काका, तिथं धूळ असते का पण?" या मुद्द्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

शिवाय 1600 वॅट म्हणजे साधारण सात अँपिअर. घरातल्या साध्या प्लगवर सहाच लिहिलेलं असतं. त्यामुळे या डब्याला पॉवर प्लग लागतो, आणि आपल्या घरात पॉवर प्लग कुठे असतात? गीझरजवळ, एसीजवळ आणि फ्रिजच्या मागे. म्हणजे न्हाणीघर, छताखालचा एक वीतभर तुकडा आणि फ्रिजची पाठ, एवढा भाग हा डबा उत्कृष्ट झाडू शकतो. पुढच्या खोलीत न्यायचा तर उंबरठा आडवा येतो. चाकं गुळगुळीत फरशीसाठी केलेली. उंबऱ्याशी येताच डबा पोटावर पडतो आणि तिथून पुढे कडेवर न्यावा लागतो.

दोष डब्याचा नाही. त्याचा जन्म या घरासाठी झालाच नव्हता. 1901 मध्ये लंडनला ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने एका थिएटरात धूळ झाडायचं यंत्र पाहिलं. ते हवा फुंकून धूळ उडवायचं. उडालेली धूळ थोडं फिरून परत जागेवर. बूथ म्हणाला, फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? मग हॉटेलातल्या मखमली खुर्चीला रुमाल लावून त्याने स्वतः तोंडाने ओढून पाहिलं. घुसमटला, पण रुमालाच्या दुसऱ्या बाजूला काळा डाग उमटला होता. त्याचं यंत्र घोडागाडीवर यायचं, गाडी रस्त्यात उभी राहायची आणि नळ्या खिडक्यांतून आत जायच्या. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ केले. श्रीमंत बायका चहाला बोलावून हा सोहळा दाखवत. नळीचा काही भाग पारदर्शक होता, म्हणजे यजमानांच्या घरात किती घाण होती हे पाहुण्यांनाही दिसावं. नागपुरात कोणी असं हळदीकुंकू ठेवलं तर दुसऱ्या वर्षी कोणी येणार नाही.

1921 मध्ये इलेक्ट्रोलक्सने घसरत्या पट्ट्यांवरचा लांबट डबा काढला, तो आजच्या डब्याचा आजोबा. त्याच इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीतून 1982 मध्ये आपल्याकडे युरेका फोर्ब्स आली आणि टाय लावलेली पोरं दारोदार फिरू लागली. यातली गंमत अशी की गालिचे नसलेल्या देशात गालिचा झाडायचं यंत्र विकायचं होतं. त्या पोरांनी गादी धरली. पाहुण्यांसमोर गादीवरून नळी फिरवायची आणि मधलं फडकं काढून दाखवायचं. "मॅडम, यावर तुमची मुलं झोपतात." ऐन मे महिन्यात गळ्यात टाय बांधून हे वाक्य म्हणणाऱ्या पोराबद्दल आम्हाला आजही आदर आहे. सरकारनेही हातभार लावला. जुलै 2018 मध्ये व्हॅक्यूम क्लीनरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. तरी हुडकेश्वरात दिवाळीला लक्ष्मी म्हणून पुजली जाते ती केरसुणीच. नळीला हळदकुंकू लावायची सोय कंपनीने अजून काढलेली नाही.

पुढाऱ्यांनीही या यंत्राला जवळ केलेलं नाही. गाडगेबाबा इथून जवळच्याच अमरावती जिल्ह्यातले. हातातला खराटा त्यांनी खरोखर झिजवला. त्यांच्या नावाने अभियानं निघाली, आणि तेव्हापासून आधीच झाडलेल्या रस्त्यावर खराटा धरून फोटो काढायची प्रथा भक्कम झाली. व्हॅक्यूम क्लीनर धरून फोटो काढलेला नेता मात्र आमच्या पाहण्यात नाही. वायर चौकापर्यंत पुरत नसावी.

दुकानातल्या पोराने शेवटचं अस्त्र काढलं. नळी डब्याच्या पुढून काढून मागे बसवली, बटण दाबलं आणि समोरच्या टीव्हीवरची धूळ शेजारच्या फ्रिजवर नेऊन ठेवली. "ब्लोअर बी हाय ना काका! सगळे याच्यासाठीच नेतात." बूथने तोंडाने रुमाल ओढून जे बंद पाडलं, ते सव्वाशे वर्षांनी आम्हाला फुकट जोड म्हणून मिळत होतं.

घरी येऊन कामाच्या मावशींना माहितीपत्रक दाखवलं. त्यांनी चित्र नीट न्याहाळलं. "वहिनी, हे तुम्हीच फिरवा बापा. मी आपला फडा मारतो. कोपऱ्यातलं जाळं ह्याले दिसन का?" पुढे म्हणाल्या, डबा भरल्यावर रिकामा कोण करन, ते आताच सांगून ठेवा. घरात कोणीच काही बोललं नाही.

एवढ्यात बातमी गल्लीत पोहोचली होती. शेजारचे भाऊ कुंपणावरून डोकावले. "मशीन घेऊन राहिले म्हणे? घ्या, घ्या. पण हवा फेकणारी घ्या बरं. आमचा कूलर गच्चीवर पडला हाय, होळीच्या आधी एक डाव मारून घेऊ." मग आमच्या खिडकीकडे बघून म्हणाले, "तेवढा वेळ तुमच्या खिडक्या लावून घेजा, म्हणजे झालं."