येथे सर्व प्रकारची संकटे मिळतील

आमचे साडू कर्नल आहेत. फौजेतला माणूस निवृत्त होतो, त्याचा हुद्दा होत नाही. उमेदीत त्यांनी सियाचिनच्या बर्फात चीता हेलिकॉप्टर उतरवलं, नाशिक रोडच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमध्ये पोरं घडवली आणि आता बेंगळुरूत हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर इन्स्ट्रक्टर आहेत. धडधाकट, अनुभवी, पोराबाळांच्या माणसांना सकाळी संकटात पाडायचं आणि दुपारी त्याचा जाब विचारायचा, हे त्यांचं काम. पगार मिळतो. पेन्शन वेगळी.

धंद्याची जागा म्हणजे सहा जॅकवर तोललेला एक अगडबंब डबा. आत खऱ्यासारखं कॉकपिट, समोर घुमटाएवढा पडदा. त्यावर अरबी समुद्र, लेहचे डोंगर, धुकं, धुळीचं वादळ, हवं ते. वैमानिक पुढे बसतात. त्यांच्या पाठीमागे टचस्क्रीन घेऊन साडूभाऊ. स्क्रीनवर बिघाडांची यादी असते: इंजिनाला आग, हायड्रॉलिक बंद, शेपटीचा पंखा निकामी, काचेवर पक्षी. बोट लावलं की संकट हजर.

एकदा मला मागच्या जादा खुर्चीवर बसायला मिळालं. पुढे एक मुरलेले कॅप्टन होते. जुहूहून बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसं नेण्यात त्यांची हयात गेलेली. पडद्यावर रात्र, खाली खवळलेला समुद्र आणि दूर प्लॅटफॉर्मचे दिवे. साडूभाऊ चहात बिस्किट बुडवत विचारत होते, "मुलीच्या अॅडमिशनचं काय झालं, कॅप्टन? इंजिनिअरिंग की आर्किटेक्चर?" कॅप्टन उतरत उतरत डेकवर येऊन तरंगले. "आर्किटेक्चर," म्हणाले आणि त्यांचा उजवा खांदा जेमतेम अर्धा इंच खाली आला. साडूभाऊ त्या अर्ध्या इंचाचीच वाट बघत होते. बिस्किट तोंडात गेलं, बोट स्क्रीनवर गेलं आणि शेपटीचा पंखा गेला.

सगळं जग गरगरायला लागलं. कॅप्टननी डाव्या हातातला कलेक्टिव्हचा दांडा जिवाच्या आकांताने वर ओढला. पडदा लाल झाला. शांतता.

"काँग्रॅच्युलेशन्स," साडूभाऊ म्हणाले, "आर्किटेक्चर चांगलं आहे."

डीब्रीफिंगला त्यांनी रेकॉर्डिंग लावलं आणि कॅप्टनच्या डाव्या हातावर पेन टेकवलं. "हा हात. सगळी भानगड या हाताची."

साडूभाऊंचं सारं शास्त्र त्या हाताभोवती फिरतं. खाली जायला लागलं की माणूस दांडा वर ओढतो. जमीन जवळ येतेय म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? पण शेपटीचा पंखा गेल्यावर दांडा ओढला की वरच्या पंख्याचा जोर वाढतो आणि हेलिकॉप्टर आणखी वेगाने गरगरतं. इंजिन बंद पडल्यावर ओढला तर पात्यांचा वेग मरतो. तिथे दांडा लगेच, एक-दोन सेकंदांत, खाली दाबायचा. मग पडता पडता खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. ओढायचं ते अगदी शेवटी, जमीन टेकताना, एकदाच. हेलिकॉप्टर सरळ खाली उतरताना स्वतःच ढकललेल्या वाऱ्यात सापडलं, तर जितका जोर लावाल तितकं वेगाने खाली जातं. तिथे पुढे किंवा बाजूला सरकून सुटायचं. पुस्तकात हे सगळं वाचून हात सुधारत नाही. आणि शेपटीचा पंखा खरोखर तोडून सराव करायला कोणी हेलिकॉप्टर देत नाही. म्हणून हा डबा आणि म्हणून साडूभाऊ.

या धंद्याच्या मूळपुरुषाबद्दल ते भक्तिभावाने बोलतात. अमेरिकेच्या एडविन लिंकच्या घरी ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनायचे. १९२९ साली त्याने उड्डाण शिकवायचं यंत्र बनवलं आणि ते डोलवायला ऑर्गनचेच भाते लावले. घेणारे कोण? करमणुकीची उद्यानं. पुढे १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या गळ्यात विमानाने टपाल नेण्याचं काम पडलं, खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा सैन्याने सहा यंत्रं विकत घेतली. हे कळल्यापासून साडूभाऊ आमच्या मेहुणीबाईंच्या भजनी मंडळातल्या पेटीकडे आदराने बघतात. अभंगाकडे लक्ष नसतं, भाता बघतात.

गंमत म्हणजे या डब्यात नवख्या पोरांपेक्षा मुरलेल्या वैमानिकांनाच जास्त मळमळतं. डोळे म्हणतात, उडतोय. शरीराला खऱ्या उड्डाणाचे हिसके पाठ असतात. ते म्हणतं, काहीतरी चुकतंय. मोठमोठे कॅप्टन हिरवेपिवळे पडतात. त्यांच्यासाठी साडूभाऊ पुण्याहून आलेपाक मागवून ठेवतात. संकट आपणच द्यायचं आणि आलेपाकही आपणच. दयाळू गृहस्थ.

घरी मात्र टचस्क्रीन नाही, म्हणून तोंडाने भागवतात. भाचीच्या लग्नात केटररला गाठून विचारलं, "पंगत बसली, वरण वाढून झालं आणि तुमचा भातवाला चक्कर येऊन पडला. पहिली कृती काय?" केटरर म्हणाला, "साहेब, त्याला उचलू." "नापास! आधी भात उचला." पुतण्या तीन क्रेडिट कार्डांच्या गाळात रुतलाय, एकाचं बिल दुसऱ्यावरून भरतोय, हे ऐकताच म्हणाले, "बाळा, स्वतःच्याच वाऱ्यात बुडतोयस. जोर लावू नकोस, बाजूला सरक." पुतण्याला काही कळलं नाही, घाबरून त्याने दोन कार्डं बंद केली.

सगळं सुरळीत चाललं की मात्र ते कासावीस होतात. विमानात खिडकीशी बसून दर दोन मिनिटांनी मागे वळून बघतात. मागे टचस्क्रीनवाला कोणी बसलेला नाही म्हणजे बिघाड कधी येईल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. देवावर विश्वास आहे, पण तक्रारही आहे: त्याच्याकडे टचस्क्रीन आहे, सगळं जागच्या जागी थांबवणारं 'फ्रीज'चं बटण नाही आणि डीब्रीफिंगची पद्धत तर मुळीच नाही.

परवा रात्री जेवताना एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. समुद्रातल्या डेकवरून उठतानाच एक इंजिन बसलं होतं. दुसऱ्यावर सगळ्यांना सुखरूप घेऊन आला. आवाज अजून थरथरत होता. साडूभाऊंनी ऐकून घेतलं.

"हात किती वेळात हलला?"

"दीड सेकंद असेल, सर."

"हं. झोप आता." फोन ठेवला आणि ताक ओढलं.

मेहुणीबाई म्हणाल्या, "अहो, एवढं मोठं काम केलं पोराने, शाबास तरी म्हणायचं."

"शाबास म्हटलं," साडूभाऊ म्हणाले, "तर पुढच्या खेपेला दोन लावेल."