अनियमित क्रियापदे : चाकण विभाग

स्पॅनिशमधील क्रियापदाचे मूळ रूप ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ या तीनपैकी एका प्रत्ययाने संपते. तो काढून त्या जागी काळ आणि कर्ता पाहून दुसरा प्रत्यय लावला की हवे ते रूप मिळते. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. ‘आब्लो’ मी बोलतो, ‘आब्लास’ तू बोलतोस, ‘आब्ला’ तो किंवा ती बोलते. ही क्रियापदे नियमित. ती लवकर पाठ होतात आणि भाषा सोपी असल्याचा गोड गैरसमज पसरवतात. मग असणे, जाणे, येणे, करणे, देणे, सांगणे, ठेवणे, निघणे ही मंडळी येतात. यांच्यावाचून कोणाचेच तोंड उघडत नाही, आणि ही सगळी अनियमित आहेत.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात परकी भाषा म्हटले की आधी जर्मन आणि मग जपानी. स्पॅनिश दोन दारांनी आत आली. एक दार मालकांचे: स्पेनमधील बिल्बाओच्या सीआयई ऑटोमोटिव्हने 2013 मध्ये महिंद्रशी करार केला आणि चाकणचा फोर्जिंगचा कारखाना त्या घरात गेला. दुसरे दार गिऱ्हाइकांचे. बजाजच्या मोटरसायकली कोलंबियात आणि अर्जेंटिनात धावतात. अर्जेंटिनात पल्सरला ‘राउझर’ म्हणतात. फोक्सवागनची चाकणची व्हेंटो मेक्सिकोला गेली, तळेगावची शेवरोले बीट चिलीला आणि मेक्सिकोला. त्यामुळे डिस्पॅच, क्वालिटी आणि एनपीडी (नवीन उत्पादन विकास) या खात्यांतील एखाददुसऱ्या माणसावर स्पॅनिश शिकण्याची पाळी येते. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, म्हणजे मोशीहून जवळजवळ परदेशातच. घोकंपट्टी कंपनीच्या बसमध्ये होते. चाकणच्या तळेगाव चौकात बस जेवढा वेळ उभी राहते तेवढ्यात एका क्रियापदाचे सगळे काळ आरामात म्हणून होतात. पावसाळ्यात दोन क्रियापदांचे.

वर्तमानकाळात मुख्य अडचण ‘गो’ची. ‘तेनेर’ (जवळ असणे), ‘पोनेर’ (ठेवणे), ‘सालिर’ (निघणे), ‘आसेर’ (करणे) यांची ‘मी’ची रूपे तेंगो, पोंगो, साल्गो, आगो अशी होतात. हा ‘ग’ कर्ता ‘मी’ असेल तेव्हाच उगवतो आणि ‘तू’पाशी नाहीसा होतो. दुसरा प्रकार स्वर बदलणाऱ्यांचा: ‘दोर्मिर’ म्हणजे झोपणे, पण मी झोपतो ते ‘दुएर्मो’ आणि आपण झोपतो ते ‘दोर्मिमोस’. एकटा झोपला तर क्रियापद फुटते, सगळे मिळून झोपले तर शाबूत राहते. तिसऱ्या पाळीत याचा पडताळा घेता येतो.

भूतकाळाला जास्त जागा द्यायला हवी, कारण गिऱ्हाइकाच्या तक्रारी भूतकाळातच येतात. येथे पहिला खड्डा आघाताचा. ‘तेर्मिनो’मध्ये ‘मि’वर जोर दिला तर ‘मी संपवतो’. शेवटच्या ‘नो’वर जोर दिला तर ‘त्याने संपवले’. एका आघाताच्या फरकाने काम आणि जबाबदारी दोन्ही शेजारच्या टेबलावर जातात. ही सोय मराठीत नाही, आणि पट्ट्यातील विद्यार्थी ती फार चटकन आत्मसात करतो.

अनियमित क्रियापदांना मात्र हा शेवटचा आघात मिळत नाही. ती धातूच बदलून बसतात: तेनेरचे ‘तुबे’, पोनेरचे ‘पुसे’, आसेरचे ‘इसे’, देसिरचे म्हणजे सांगण्याचे ‘दिहे’. यावर मराठी विद्यार्थी हमखास कुरकुरतो, की ही काय भाषा आहे, नियम म्हणून काही नाही. असे म्हणताना तो स्वतः ‘गेलो’, ‘आलो’, ‘केले’, ‘झाले’ म्हणत असतो. ‘जा’चा ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतो, कारण ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचा वारस आणि ‘गेला’ हा ‘गत’चा. ‘हो’ आला ‘भू’पासून, पण ‘झाला’ ‘जात’पासून. ‘कर’ आणि ‘केला’, ‘मर’ आणि ‘मेला’ यांचे घराणे एकच, तरी रूपे नियमात बसत नाहीतच. दोन वर्षांचे मूल ‘मी करलं’ म्हणते तेव्हा ते नियमाला धरून असते आणि घरातले सगळे हसतात. फार वापरात असलेली रूपे कानावर इतकी पडतात की त्यांना नियमात बसवायला कोणाला सवड होत नाही. स्पॅनिशचेही तेच झाले.

‘इर’ (जाणे) हे क्रियापद लॅटिनमधील तीन वेगवेगळ्या क्रियापदांचे तुकडे जोडून बनले आहे. वर्तमानकाळात ते ‘बोय’ असते आणि भूतकाळासाठी ‘सेर’चे, म्हणजे असण्याचे रूप उचलते. त्यामुळे ‘फुई’ म्हणजे मी होतो आणि ‘फुई’ म्हणजेच मी गेलो. ‘फुए’ म्हणजे तो होता किंवा तो गेला. पाठ्यपुस्तके संदर्भाने अर्थ लावा असे सांगून मोकळी होतात. या पट्ट्यात संदर्भाचीही गरज पडत नाही. आधीचा क्वालिटी मॅनेजर ‘फुए’ म्हटले की दोन्ही अर्थ लागू पडतात, आणि तो कोणत्या कंपनीत गेला हेही ऐकणाऱ्याला ठाऊक असते.

अपूर्ण भूतकाळ ही दमलेल्या विद्यार्थ्याची विश्रांतीची जागा. त्यात फक्त तीन क्रियापदे अनियमित आहेत: सेर, इर आणि ‘बेर’ म्हणजे पाहणे. अर्थही मराठी माणसाला परका नाही. ‘जायचा’, ‘करायचा’ किंवा पुस्तकी ‘जाई’, ‘करी’ यांचेच हे काम. जपायचे एवढेच, की मशीन बंद पडले असेल तर ‘फायो’ लिहावे, ‘फायाबा’ लिहू नये. पहिल्याचा अर्थ ते एकदा बंद पडले. दुसऱ्याचा अर्थ ते बंद पडायचे, नेहमीच. नेहमीच्या आजारावर गिऱ्हाईक कायमचा उपाय मागते आणि ऑडिटची तारीखही कळवते.

कायेर (पडणे) याचा भूतकाळ ‘कायो’. हे क्रियापद या पट्ट्यासाठीच घडवले असावे असे वाटते. पार्ट हातातून सुटला तर स्पॅनिश माणूस ‘मी पाडला’ म्हणत नाही. तो ‘से मे कायो’ म्हणतो. पार्ट आपला आपण पडला, त्या वेळी मी तिथे होतो इतकेच. मराठीतील ‘माझ्या हातून पडला’ हुबेहूब हेच सांगते. अशी दोषमुक्त रचना दोन्ही भाषांत तयार असल्याने रिजेक्शनचा खुलासा करताना दोन्ही बाजूंना एकमेकांचे अगदी नीट कळते. इंग्रजीत उतरवताना मात्र कोणीतरी सापडतो.

भविष्यकाळात शिकण्यासारखे फार नाही. डझनभर क्रियापदांचा धातू बदलतो (तेंद्रे, पोंद्रे, साल्द्रे, आरे). प्रत्यय सगळ्यांना सारखेच. रोजच्या बोलण्यात हा काळ तसाही मागे पडतो. ‘बोय आ’पुढे मूळ क्रियापद ठेवले की ‘करणार आहे’ तयार. त्याहून सोपे म्हणजे उद्याच्या कामाला वर्तमानकाळ लावणे. डिस्पॅच खात्याला हे शिकवावे लागत नाही, त्यांचा ‘पाठवतो’ पूर्वीपासून याच काळात आहे.

खरी परीक्षा संशयार्थाची. जे अजून घडलेले नाही, ज्याची इच्छा किंवा शंका आहे, त्यासाठी स्पॅनिशमध्ये क्रियापदांची वेगळी रूपे असतात, आणि ती बहुधा त्याच ‘गो’पासून बनतात: तेंगा, पोंगा, साल्गा. ‘गाडी निघाली की फोन करतो’ हे वाक्य पाहावे. गाडी निघालेली नाही, तरी मराठीत ती भूतकाळात निघून गेली. फोन केलेला नाही, तो वर्तमानकाळात चालू आहे. स्पॅनिशमध्ये ‘क्वान्दो साल्गा एल कामियोन’ म्हणावे लागते, ज्यात ट्रक निघेल तेव्हा निघेल हे व्याकरणानेच मान्य केलेले असते. मराठी क्रियापद जागच्या जागी निघालेले असते. ‘आलोच’ म्हणणारा भोसरीत अंघोळ करत असतो, त्यालाही व्याकरणाची हरकत नसते. तेच स्पॅनिशमध्ये ‘या बोय’, म्हणजे जातोच आहे.

येणे-जाण्याचा घोळ एवढ्याने संपत नाही. मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तीच सवय स्पॅनिशमध्ये नेली तर तो ‘बेंगो’ म्हणजे ‘मी येतोय’ असे सांगून दाराबाहेर पडतो, आणि मेक्सिकोचा पाहुणा कॉन्फरन्स रूममध्ये त्याची वाट पाहत बसतो. तिथे ‘मे बोय’ म्हणावे. अभद्र वाटले तरी चालेल.

आता उरली आज्ञार्थी रूपे. ‘तू’ला सांगताना आठ क्रियापदे अनियमित होतात आणि सगळी एका दमात संपतात: तेन, पोन, साल, बेन, आस, दि, से, बे. यातला ‘बे’ म्हणजे ‘जा’, आणि ‘बेर’चा नियमित ‘पाहा’ही ‘बे’च. अर्थात, आज्ञा कोणत्या देशाला करायची यावरही बरेच अवलंबून आहे. बिल्बाओकडे ‘तुम्ही’साठी ‘बोसोत्रोस’ची वेगळी रूपे लागतात, आणि सकाळी झालेल्या कामाला तिथे ‘केले आहे’ म्हणतात. मेक्सिकोत बोसोत्रोस नाही, आणि त्याच कामाला साधे ‘केले’ पुरते. ज्याच्या वाट्याला अर्जेंटिना आले त्याचे नशीब सर्वांत चांगले. तिथे ‘तू’च्या जागी ‘बोस’ चालतो आणि बोसच्या आज्ञार्थात ही मंडळी सरळ होतात: तेने, पोने, साली, बेनी, आसे, देसी. ‘इर’ मात्र तिथेही ऐकत नाही. त्याचा आज्ञार्थच वापरत नाहीत, ‘आंदार’ म्हणजे चालणे या क्रियापदाचे ‘आंदा’ उसने घेतात.